पुष्पघाटीचा बेत आणि पावसाचे गणित

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथला जाणाऱ्या महामार्गावर गोविंदघाट लागते आणि तेथे अलकनंदा ओलांडली की भ्यूंदर खोऱ्याची वाट सुरू होते. या खोऱ्याच्या वरच्या अंगाला, पुष्पावती नदीच्या काठाने पसरलेले ८७.५ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले आणि २००५ मध्ये युनेस्कोने, आधीपासून यादीत असलेल्या नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाला जोडून, त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. हिंदीत ‘फुलों की घाटी’, महाराष्ट्रातील भटक्या मंडळींच्या बोलण्यात ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ आणि मराठी लेखनात कधी कधी पुष्पघाटी अशा निरनिराळ्या नावांनी हे ठिकाण ओळखले जाते. नंदादेवीचा अंतर्भाग १९८० च्या दशकाच्या आरंभापासून गिर्यारोहकांना आणि पर्यटकांना बंद असल्यामुळे, या जोड वारसास्थळाचा जो भाग सामान्य माणसाला पायी पाहता येतो तो प्रामुख्याने हाच होय. येथे दोर लागत नाही, बर्फावर चालण्याचे शिक्षण लागत नाही, तंबू बरोबर न्यावा लागत नाही. सह्याद्रीतले दोनचार गड पाठीवर सॅक घेऊन चढलेल्या कोणालाही ही वाट झेपते, आणि पुण्यामुंबईहून दर पावसाळ्यात निघणाऱ्या गटांच्या यादीत ती वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर असते ती त्यामुळेच.

या सोपेपणामुळे बेत आखताना एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. ज्या पावसाने घाटी फुलते त्याच पावसाने तिच्याकडे जाणारा रस्ता खचतो, आणि या दोन गोष्टींचा हंगाम वेगळा काढता येत नाही. फुले टाळून रस्ता चांगला मिळवता येतो, रस्त्याची जोखीम पत्करून फुले मिळवता येतात. दोन्हींची खात्री देणारा महिना दिनदर्शिकेत नाही. त्यामुळे या सहलीचे नियोजन म्हणजे बूट कोणते घ्यावेत आणि खोली कोठे राखावी याचा विचार नसून, पावसाला किती दिवस द्यायचे याचा हिशेब आहे.

उद्यान साधारणपणे १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. उरलेले महिने ते बर्फाखाली असते. म्हणजे वनस्पतींना वाढायला, फुलायला, फळायला आणि बी टाकायला जेमतेम चार-पाच महिने मिळतात. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीपर्यंत मोठी झाडे तग धरतात. त्या कल्पित सीमेला वृक्षरेषा म्हणतात आणि तिच्या वरच्या, केवळ गवते, झुडपे व फुलझाडे वाढणाऱ्या पट्ट्याला शास्त्रीय परिभाषेत अल्पाइन पट्टा म्हणतात. या पट्ट्यातील बहुतेक झाडे बहुवर्षायू असतात, म्हणजे वरचा हिरवा भाग दरसाल मरतो, पण जमिनीखालचे जाड खोड किंवा कंद अन्न साठवून जिवंत राहतो आणि बर्फाच्या थराखाली, बाहेरच्या कडाक्याच्या थंडीपासून एक प्रकारे झाकला जाऊन, हिवाळा काढतो. बर्फ वितळताच साठवलेल्या अन्नाच्या बळावर कोंब वेगाने वर येतात. बर्फ सगळीकडे एकाच वेळी वितळत नाही. उन्हाचा उतार आधी मोकळा होतो, सावलीतली घळ महिनाभर मागे राहते. त्यामुळे फुलण्याचा क्रमही उताराउतारानुसार पुढेमागे होतो आणि ‘अमुक तारखेला घाटी पूर्ण फुललेली असते’ हे विधान, सहल विकणाऱ्यांच्या पत्रकांत कितीही वेळा छापले गेले तरी, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पोकळ ठरते.

तरीही महिन्यांचा ठोकताळा बांधता येतो. जूनमध्ये नाल्यांवर बर्फाचे पूल असतात, खालच्या उतारांवर गवत नुकतेच उगवलेले असते आणि बर्फाच्या कडेने जांभळट गुच्छांच्या प्रिम्युला, पाणथळ जागी पिवळे मार्श मॅरिगोल्ड, झुडपी ऱ्होडोडेंड्रॉन अशी मोजकी, पण ताजी फुले दिसतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जातींची संख्या सर्वाधिक असते. जिरॅनियम, पोटेंटिला, ॲनिमोन, मोरिना आणि नदीकाठच्या वाळूत गुलाबी ताटवे धरणारे एपिलोबियम यांचा हा काळ. ऑगस्ट सरता सरता गुलाबी तेरडा माणसाच्या खांद्याइतका वाढून सगळ्यांवर कुरघोडी करतो. कोकणात आणि देशावर बांधाबांधांवर उगवणाऱ्या तेरड्याचाच हा हिमालयातील भाऊबंद असून दोघांची प्रजाती इम्पेशन्स हीच आहे. सप्टेंबरात आकाश निवळते, शिखरे दिसू लागतात, परंतु फुलांची जागा बिया घेतात आणि पाने तांबूस होतात. छायाचित्रकारांना सप्टेंबर आवडतो तो शिखरांसाठी. ज्याला फुलेच पाहायची आहेत त्याने जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा सोडू नये.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात फुलांचे पठार म्हटले की कास उभे राहते, आणि येथे अपेक्षाभंगाची बीजे पेरली जातात. कासच्या जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ असतो की तेथे लहानखुऱ्या, एकाच वेळी फुलणाऱ्या जातींचेच राज्य चालते आणि एका रंगाचा सलग गालिचा तयार होतो. पुष्पघाटीत माती खोल आहे, ओल भरपूर आहे आणि सुमारे पाचशे जातींच्या सपुष्प वनस्पती एकमेकींत मिसळून वाढतात. त्यामुळे दुरून पाहिले तर उतार बहुधा हिरवाच दिसतो आणि रंग कळतात ते वाटेवर थांबून, वाकून पाहिल्यावर. गालिचा शोधत भराभर चालणारा माणूस दुपारी परतताना ‘फुले फारशी नव्हती’ असे म्हणतो, तर त्याच वाटेवर हातात भिंग घेऊन बसलेला दुसरा एका खडकापाशी तास घालवतो.

असा तास ज्यासाठी घालवावा त्यांत निळी खसखस, म्हणजे मेकोनॉप्सिस ॲक्युलिआटा, पहिली म्हणावी लागेल. खडकांच्या फटीत, उताराच्या सुट्या दगडांत ती एकेकटी उगवते. देठावर, पानांवर आणि कळीवरही पिवळसर ताठ काटे असतात, पाकळ्या तलम कागदासारख्या चुरगळलेल्या आणि निळ्यापासून जांभळटापर्यंत छटा बदलणाऱ्या, मध्ये सोनेरी पुंकेसरांचा दाट झुबका. काही वर्षे नुसती पाने वाढवून ती एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. आपल्याकडील कारवीही आयुष्यात एकदाच फुलून मरते, फरक इतकाच की कारवीचा सारा डोंगर सात-आठ वर्षांनी एकदम फुलतो आणि निळ्या खसखशीचे प्रत्येक झाड आपापल्या वेळेने. खसखशीचे एक फूल तोडले तर त्या झाडाची संततीच तोडली जाते, एवढे लक्षात घेतले की फुले न तोडण्याच्या नियमाला वेगळे समर्थन लागत नाही.

दुसरे ब्रह्मकमळ. पुण्यामुंबईच्या गच्चीत कुंडीत रात्री उमलणारे, मोठे पांढरे आणि सुगंधी फूल ज्या नावाने ओळखले जाते ते मध्य अमेरिकेकडून आलेले एक निवडुंग आहे. हिमालयातील ब्रह्मकमळाशी त्याचा काहीही संबंध नाही. उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ, सॉस्युरिया ओबव्हालाटा, सूर्यफुलाच्या कुळातले असून त्याची खरी फुले लहान आणि जांभळी असतात. बाहेरून दिसणाऱ्या फिकट पिवळसर, अर्धपारदर्शक, होडीच्या आकाराच्या पाकळ्या या वस्तुतः पाकळ्या नसून सहपत्रे, म्हणजे फुलाला आधार देणारी रूपांतरित पाने, असतात. ती फुलांभोवती मिटलेली राहून आत ऊब धरून ठेवतात आणि पाऊस व वारा बाहेर अडवतात. हे झाड घाटीच्या तळाशी सहसा दिसत नाही, त्याला आणखी उंची लागते. ऑगस्ट-सप्टेंबरात जवळच्या हेमकुंड सरोवराकडे जाणाऱ्या वाटेच्या शेवटच्या चढावर ते वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसते.

आता रस्त्याकडे वळले पाहिजे, कारण बेत फसतो तो तेथे. हरिद्वार किंवा ऋषीकेश येथून गोविंदघाटापर्यंतचे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशा संगमांवरून, गंगेच्या व पुढे अलकनंदेच्या काठाकाठाने जाणारा हा मार्ग मोकळा असला तरी दहाअकरा तास खातो. हिमालय हा भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण पर्वत आहे; भारतीय भूखंड अजूनही उत्तरेकडे सरकत असल्यामुळे त्याचे खडक दुमडलेले, चुरडलेले आणि भेगाळलेले आहेत. जोशीमठाच्या अलीकडे हेलंग परिसरातून ‘मुख्य मध्यवर्ती विभंग’ जातो. ज्या रेषेवर एका बाजूचे खडक दुसऱ्या बाजूच्या खडकांवर ढकलले गेले आहेत अशा भेगेला विभंग म्हणतात आणि अशा रेषेलगतचा दगड विशेष ठिसूळ असतो. उतारावर साचलेल्या सुट्या मातीदगडांत पावसाचे पाणी मुरले की आतला दाब वाढतो, कणांना एकमेकांशी धरून ठेवणारे घर्षण अपुरे पडते आणि सगळा भार खाली घसरतो. रस्ता रुंद करण्यासाठी उताराचा पायथा कापला गेला असेल तर हे आणखी लवकर घडते.

गढवालमधील श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्या दरम्यानचे सिरोबगड आणि पिपळकोटीच्या पुढचा पागल नाला ही दरसाल दरडी कोसळण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेली ठिकाणे या मार्गावर आहेत. नाल्याला हे नाव ज्याने दिले त्याला चालकांना सावध करावेसे वाटले असणार. जोशीमठ शहर तर जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावरच वसलेले आहे, हे १९७६ मध्येच मिश्रा समितीने नोंदवले होते, आणि जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले तेव्हा ते देशभर कळले. जून २०१३ च्या महापुरात गोविंदघाटाची आणि भ्यूंदर खोऱ्याची मोठी हानी झाली, भ्यूंदर गावाचा बराच भाग आणि पायवाट वाहून गेली. मार्च २०२५ मध्ये दरड कोसळून गोविंदघाटाचा अलकनंदेवरील पूल तुटला आणि हेमकुंडाची यात्रा सुरू होण्यापूर्वी तेथे बेली पूल उभारावा लागला. त्याच वर्षीच्या ५ ऑगस्टला उत्तरकाशी जिल्ह्यातील धराली येथे आलेल्या लोंढ्यानंतर महाराष्ट्रातील अनेक पर्यटक तेथे अडकून पडले होते. ती जागा या मार्गावर नसली तरी ऑगस्टमधल्या गढवालचा स्वभाव त्यातून कळतो.

येथे हवामानाचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. पुष्पघाटी हिमालयाच्या बाहेरच्या, पावसाला सामोऱ्या उतारांवर नसून बरीच आत, उंच डोंगररांगांच्या आडोशाला आहे. मोसमी ढगांचे पाणी बरेचसे बाहेरच्या रांगांवर सांडून जाते, आणि घाटीत पोहोचतो तो मुसळधार पावसापेक्षा झिरमिर पाऊस आणि दिवसचे दिवस रेंगाळणारे धुके. तेच जमिनीला ओल पुरवते आणि एवढ्या वनस्पतींना पोसते. याचा व्यावहारिक अर्थ असा की घाटीतला पाऊस रेनकोट घालून निभावता येतो, परंतु खाली रुद्रप्रयाग-चमोली पट्ट्यातला पाऊस, जो पर्यटकाला घाटीखालच्या घांघरिया या मुक्कामाच्या ठिकाणी बसून दिसतही नाही, तो परतीचा रस्ता बंद करतो. वर ऊन पडले म्हणून खाली सारे आलबेल आहे असे समजू नये.

या सगळ्यातून काही नियम ओघानेच येतात. डोंगरातला मोटारप्रवास पहाटे सुरू करून दुपारपर्यंत संपवावा, कारण दरडी हटवणारी यंत्रे दिवसा काम करतात आणि अंधार पडल्यावर या रस्त्यावर वाहने सोडली जात नाहीत. पहिल्या दिवशी गोविंदघाट गाठण्याचा हट्ट न धरता पिपळकोटी किंवा जोशीमठ येथे मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते. परतीचे विमान किंवा रेल्वे डोंगरातून उतरण्याच्या दिवसाची तर नकोच, दुसऱ्या दिवसाचीही नको. चारधाम आणि हेमकुंड यात्रेसाठी उत्तराखंड शासनाने नोंदणी सक्तीची केली आहे. तिची छापील प्रत जवळ ठेवावी.

गोविंदघाटाहून घांघरिया पूर्वी तेराचौदा किलोमीटरांची चाल होती. आता पुलना गावापर्यंत मोटाररस्ता झाल्यामुळे पहिले चारेक किलोमीटर जीपने जाता येतात आणि सुमारे दहा किलोमीटर चालायचे उरतात. गोविंदघाट सुमारे १,८०० मीटरांवर आणि घांघरिया ३,०५० मीटरांच्या आसपास, म्हणजे एका दिवसात बाराशे मीटरांची चढण पडते, त्यातला थोडाच भाग गाडीने. वाट फरसबंदीची आहे, दर थोड्या अंतरावर चहाची टपरी आहे, आणि तिचा खरा त्रास चढाचा नसून खेचरांचा आहे. सामान आणि यात्रेकरू वाहणारी खेचरे सकाळपासून वरखाली करत असतात, ओल्या फरशीवर त्यांची लीद पसरलेली असते. खेचरांना वाट देताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या बाजूला नाही. खेचर पाठीवरच्या ओझ्याची रुंदी विचारात घेत नाही. पाठीवर टोपली बांधून माणसांना वाहून नेणारे कंडीवालेही येथे आहेत, आणि उद्यानाच्या आत खेचरांना बंदी असल्यामुळे चालू न शकणाऱ्या वृद्धांना घाटी दाखवण्याचा तेवढाच मार्ग उरतो. दर आधी ठरवून, शक्यतो शासकीय दरफलकाशी ताडून घ्यावा, मग घासाघीस करू नये. हंगाम चार महिन्यांचा आहे आणि त्यावर त्यांना वर्ष काढायचे असते. गोविंदघाटाहून घांघरियापर्यंत हेलिकॉप्टरची सेवाही चालते, पण धुक्याच्या महिन्यांत ती उडेलच असे नसते, आणि शरीराला उंचीची सवय होण्याआधीच ती माणसाला तीन हजार मीटरांवर नेऊन उतरवते हा तिचा दुसरा दोष.

घांघरिया हे हंगामी वस्तीचे ठिकाण आहे. लहानमोठी हॉटेले, गुरुद्वारा, वनखात्याची चौकी आणि दुकानांची एक गल्ली एवढाच त्याचा विस्तार. उद्यानात रात्री राहायला परवानगी नाही, त्यामुळे सगळ्यांचा तळ येथेच पडतो. रोख पैसे खालूनच आणावेत. परवाना वनखात्याच्या चौकीवर मिळतो, शुल्क वेळोवेळी बदलते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जायचे असल्यास परवान्याची मुदत तेथेच विचारून घ्यावी. सकाळी सातच्या सुमारास दार उघडते, दुपारी दोननंतर कोणाला आत सोडत नाहीत आणि पाचपर्यंत सर्वांना बाहेर यावे लागते. हा हिशेब पाहता उघडण्याच्या वेळी दारावर हजर असणाऱ्यालाच घाटी पुरते. दारापासून वाट भूर्ज, देवदारवर्गीय वृक्ष आणि मेपल यांच्या जंगलातून पुष्पावतीच्या पुलावर उतरते, तेथून छातीवरचा चढ चढते आणि तीनचार किलोमीटरांनी घाटीचे तोंड उघडते. बहुतेक गट येथे तासभर थांबून, डबे खाऊन परत फिरतात. घाटी मात्र पुढे कित्येक किलोमीटर नदीकाठाने टिपरा हिमनदीच्या दिशेने पसरलेली आहे आणि पुढे गर्दी झपाट्याने विरळ होत जाते.

या भागातच जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे. वनस्पतींचे नमुने गोळा करण्यासाठी ब्रिटनमधून आलेल्या लेग १९३९ च्या जुलैत येथील खडकावरून घसरून मृत्यू पावल्या. त्यांना येथे आणले ते एका पुस्तकाच्या प्रसिद्धीने. १९३१ मध्ये फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन, आर. एल. होल्ड्सवर्थ आदी गिर्यारोहक ७,७५६ मीटर उंचीचे कामेत शिखर सर करून परतताना पावसात एका खिंडीतून भ्यूंदर खोऱ्यात उतरले आणि फुलांनी थक्क झाले; १९३७ मध्ये स्माइथ पुन्हा येऊन राहिला, त्याने बिया व नमुने गोळा केले आणि पुढच्याच वर्षी त्याचे ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक निघाले. घाटी त्याने ‘शोधली’ असे सर्रास लिहिले जाते, ते खरे नाही. भ्यूंदर आणि पुलना येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात मेंढ्या-बकऱ्या घेऊन या कुरणांवर येत होते; स्माइथने दिले ते नाव आणि प्रसिद्धी.

त्या मेंढ्यांची गोष्ट अभ्यासकांच्या वादाचा विषय आहे. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराईवर बंदी आली, आणि पुढील काळात ज्या एका वनस्पतीने उतार व्यापायला सुरुवात केली ती स्थानिक बोलीत अमेला म्हणून ओळखली जाते. पूर्वी तिला पॉलिगोनम पॉलिस्टाकियम म्हणत. पुरुषभर उंच वाढणारी, दाट पानांची, पांढऱ्या तुऱ्यांची ही वनस्पती बाहेरून आलेली नाही, इथलीच आहे. परंतु एकदा तिचे रान माजले की खालच्या लहान झाडांना ऊन मिळत नाही. मेंढ्या तिला तुडवत-खात होत्या म्हणून ती आटोक्यात होती असे एक मत, तर चराईनेच जमीन उघडी पडून तिला वाव मिळाला होता असे दुसरे. वनखाते हंगामात मजूर लावून अमेला बी धरण्याआधी उपटते. चराईचा हक्क गेलेल्या गावांना पर्यटनाने रोजगार दिला हे खरे, आणि त्या पर्यटनाचा कचरा उचलण्याचे कामही त्याच गावांच्या परिस्थितिकी विकास समितीकडे आले. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने परत खाली नेणे हे पाहुण्याचे किमान कर्तव्य यात आपोआप येते.

घांघरियाहून दुसरी वाट हेमकुंडाला जाते. सुमारे सहा किलोमीटरांत हजार मीटरांहून अधिक चढणारी ही वाट सरोवराकाठच्या गुरुद्वाऱ्यापाशी, चार हजार मीटरांच्या बऱ्याच वर पोहोचते. शेजारी लोकपाल लक्ष्मणाचे मंदिर आहे. उंचीचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने सुरू होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवर बदलत नाही, ते एकवीस टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत तीन हजार मीटरांवर सुमारे सत्तर टक्के आणि हेमकुंडाच्या उंचीवर साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही उंचीच्या विकाराची पहिली लक्षणे होत. चालताना तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे, बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची, आणि त्यांवर ताबडतोब खाली उतरणे हाच उपाय. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती बाधू शकते. हेमकुंडाला रात्री राहू देत नाहीत आणि दुपारी सर्वांना खाली उतरवतात, ही गोष्ट प्रकृतीच्या दृष्टीने हिताचीच आहे, कारण उंच चढून खाली झोपणे शरीराला मानवते. म्हणूनच आधी घाटी आणि मग हेमकुंड हा क्रम उलटवू नये. घांघरियात एक रात्र आणि घाटीत एक दिवस काढलेले शरीर दुसऱ्या चढाला तयार असते.

सामानाबद्दल थोडक्यात इतकेच की सॅकच्या आतला प्रत्येक कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत असावा, बूट घट्ट पकडीचे आणि आधी वापरून मऊ झालेले असावेत, आणि लोकरीचा एक जोड कोणत्याही परिस्थितीत कोरडा राहील अशी तजवीज करावी. छत्री अरुंद वाटेवर इतरांच्या डोळ्यांत जाते, पोंचो बरा.

आता दिवसांचा हिशेब. ऋषीकेशहून जोशीमठ हा एक दिवस, दुसऱ्या दिवशी घांघरिया, तिसरा घाटीला, चौथा हेमकुंडाला, पाचवा पुन्हा घाटीला किंवा धुक्यात वाया गेलेल्या दिवसाच्या भरपाईला, सहाव्या दिवशी खाली जोशीमठापर्यंत, सातव्या दिवशी ऋषीकेश. या सातांवर दरडींसाठी दोन दिवस राखीव ठेवावेत, आणि मुंबई-पुण्याहून ये-जा करण्याचे दिवस वेगळे धरावेत. म्हणजे दारापासून दारापर्यंत अकराबारा दिवस होतात. राखीव दिवस वापरावे लागले नाहीत तर बद्रीनाथ गोविंदघाटापासून पंचवीस किलोमीटरांच्या आतबाहेर आहे, तेथे जाता येते. परंतु बद्रीनाथ, केदारनाथ आणि घाटी हे सारे एका आठवड्यात कोंबणारा बेत कागदावरच शोभतो, कारण त्यात एक रस्ता सहा तास बंद पडला तरी पहिला बळी घाटीचाच जातो, ती सर्वांत आत असल्यामुळे. ज्याला रजाच सहा-सात दिवसांची मिळते त्याने तेवढ्यात हे उरकण्याचा प्रयत्न करू नये. बेत पुढच्या वर्षावर टाकावा आणि तोवर, हंगामी निर्बंधांची आणि नोंदणीची चौकशी करून, सप्टेंबरात कास गाठावे.